लांबच्या प्रवासाची चाल

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत अधारताल येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळेने आपल्या माजी विद्यार्थ्याला बोलवावे आणि विषय त्याच्यावरच सोपवावा, यात विश्वास आहे तसा धोकाही आहे. माझी सारी नोकरी रेल्वेच्या परिचालन विभागात गेली. गाड्यांची वेळापत्रके बसवणे हे माझे काम. तेव्हा साहित्य किंवा शिक्षण या विषयांवर बोलण्याचा अधिकार मी घेत नाही. मात्र गेली काही वर्षे आपल्या वस्तीत, हळदीकुंकवाला असो की गणेशोत्सवाच्या मांडवात असो, एक प्रश्न हमखास कानी येतो. मुले परदेशी स्थिरावली आहेत, पासपोर्ट हाती आले आहेत, गाठीला थोडी पुंजी आहे आणि पाय अजून चालत आहेत. तर आता जायचेच झाले, तर किती दिवसांत किती देश पाहावेत? हा प्रश्न वेळापत्रकाचा आहे, म्हणून त्यावर बोलण्याचे धाडस करतो.

या प्रश्नाशी आपल्या गावाचा जुना संबंध आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या गृहस्थाची कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी शाळकरी वयात वाचली असेल. ती १८७३ साली पुस्तकरूपाने आली. त्या ऐंशी दिवसांचा हिशेब व्हर्नने हवेत बांधला नव्हता. १० मे १८६९ रोजी अमेरिकेचे पूर्व आणि पश्चिम किनारे लोहमार्गाने जोडले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. आणि ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून येणारे रूळ अलाहाबादकडून आलेल्या रुळांना मिळाले. तिसरा सांधा जेथे जुळला ते ठिकाण म्हणजे आपले जबलपूर. कादंबरीतल्या कोष्टकात मुंबई ते कलकत्ता या टप्प्याला अवघे ३ दिवस दिले आहेत, ते या सांध्याच्या भरवशावर. गंमत अशी की कादंबरीत खोल्बी नावाच्या गावाशी रूळ संपतात आणि नायकाला हत्ती विकत घ्यावा लागतो. वास्तवात तो मार्ग कथेतल्या प्रवासाच्या दोन वर्षे आधीच पुरा झाला होता. पण हत्तीशिवाय हिंदुस्थान दाखवणे त्या काळच्या लेखकाला बहुधा जमले नसावे.

त्या गृहस्थाने वाटेत काय पाहिले? जवळजवळ काही नाही. तो आगबोटीत पत्ते खेळतो आणि वहीत तारखा मांडतो. प्रवास त्याच्यासाठी पैज आहे. आणि पैजेच्या दृष्टीने त्याची चाल अगदी बरोबर आहे. मी त्याला नावे ठेवणार नाही. मला एवढेच दिसते की पैज न लावलेली माणसेही आज त्याच्याच कोष्टकाने निघतात.

आता याच गावातली दुसरी चाल पाहा. स्टेशनावरून ग्वारीघाटावर जा. कार्तिकानंतरच्या कोणत्याही सकाळी तेथे पांढऱ्या वस्त्रातली, हातात काठी आणि कमंडलू घेतलेली माणसे भेटतील. आपल्या भागात त्यांना परकम्मावासी म्हणतात. 'नर्मदे हर' म्हणावे, चहा द्यावा, आणि कुठून निघालात असे विचारावे. आता त्यांतले कितीतरी जण पुण्याचे, नाशिकचे, सांगलीचे निघतात. जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर' या पुस्तकाने मराठी माणसाला या वाटेचे जे वेड लावले, ते आपण घाटावर बसून मोजू शकतो.

परिक्रमेची शास्त्रोक्त मुदत ३ वर्षे ३ महिने १३ दिवस. ही संख्या आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिचा भागाकार करून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. सवयीने मी तो केला. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तीर मिळून सुमारे २६०० किलोमीटरची चाल होते. मुदतीचे दिवस जवळजवळ १२००. म्हणजे दिवसाला सरासरी सव्वादोन किलोमीटरसुद्धा नाही! त्यातून चातुर्मासात चालायचे नाही, हा नियम. तीन चातुर्मासांचे बारा महिने वजा केले तरी उरलेल्या दिवसांत रोजचे तीन-सव्वातीन किलोमीटर पडतात. धडधाकट माणूस दिवसाला २०-२५ किलोमीटर सहज चालतो, आणि आज पुष्कळजण सहासात महिन्यांच्या आत परिक्रमा पुरी करतातही. मग ही मुदत घालणाऱ्यांना चालण्याचा वेग ठाऊक नव्हता काय? नक्कीच ठाऊक होता. त्यांनी चालण्यासाठी वेळ दिलेलाच नाही. चालणे आपोआप होते, असे धरून सगळी मुदत थांबण्यासाठी दिली आहे. पावसात चार महिने एका गावी राहा. सदावर्तात शिधा मिळाला तर शिजवा. ताप आला तर मंदिराच्या ओसरीवर पडून राहा. मुखाशी, विमलेश्वराहून मिठी तलाईला जाताना, समुद्राच्या भरतीशिवाय नाव निघत नाही. तेथे बसून राहा. या साऱ्याची तरतूद मुदतीतच केलेली आहे, त्यामुळे कोणताही मुक्काम उशीर ठरत नाही.

वेळापत्रक बसवणाऱ्याला हे वाचून हेवा वाटतो. आमच्याकडे गाडीच्या धावण्याच्या वेळेत काही मिनिटे वाढवून ठेवलेली असतात. त्यांना आम्ही रिकव्हरी टाइम म्हणतो. आणि रुळांच्या कामासाठी वेगळी मिनिटे देतो. मोठ्या स्थानकाच्या अलीकडे गाडी उगीच रेंगाळते असे प्रवाशाला वाटते, तेव्हा ती पुष्कळदा याच मिनिटांवर उभी असते. ही मिनिटे काढून टाकली तर कागदावर गाडी जलद होईल आणि प्रत्यक्षात रोज उशिरा येईल. एक गाडी उशिरा आली की तिच्या मागची चार अडकतात. वारकऱ्यांनाही हे ठाऊक आहे. ज्ञानेश्वरमाउलींची पालखी पुण्यात दोन रात्री राहते, मग एका दिवसात दिवे घाट चढून सासवडला जाते. हा वारीतला सर्वांत लांब टप्पा. आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन रात्रींचा विसावा ठेवलेला आहे. कोणत्याही अभियंत्याने याहून निराळे काही केले नसते.

परंतु सर्वांनाच बाराशे दिवस कोठून मिळणार? याचे उत्तरही जबलपूरच्याच एका माणसाने देऊन ठेवले आहे. अमृतलाल वेगड यांना आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिले आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले, येथल्या कलानिकेतनात शिकवणारे चित्रकार. १९७७ साली, वयाची पन्नाशी जवळ आली असता, ते नर्मदेच्या काठाने चालू लागले. नोकरी सोडली नाही, घर सोडले नाही. एक तुकडा चालायचा, परत यायचे, चित्रे काढायची, लिहायचे. पुढच्या खेपेला जेथे सोडले तेथून पुन्हा चालू लागायचे. सत्तरी ओलांडल्यावर ते पत्नीसह पुन्हा निघाले. त्यांतून हिंदीत आणि गुजरातीत जी पुस्तके झाली, त्यांतल्या एकाला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खंडपरिक्रमा हा शब्द जुनाच आहे. त्यात कमीपणा नाही हे वेगडांनी दाखवले. युरोप एका खेपेत संपवलाच पाहिजे असे जे आपण धरून चालतो, ते मुळात कोठून आले याचा विचार करावा. तिकीट महाग आहे, हे खरे कारण. पण ते तिकिटाचे कारण आहे, पाहण्याचे नव्हे.

आता नदीकाठ सोडून देशोदेशींच्या वाटेवर येऊ. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असे करीत अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. एकूण ७१,००० किलोमीटर. दिवस होतात १६१६. पुन्हा भागाकार करा: दिवसाला ४४ किलोमीटर. ज्यांनी वाळवंटे आणि पर्वत सायकलीने ओलांडले त्यांच्या मानाने हा आकडा फार लहान आहे. सपाट रस्त्यावर एवढे अंतर ते सकाळच्या न्याहारीपूर्वी कापत असतील! तेव्हा त्या चार वर्षे पाच महिन्यांतला मोठा भाग चाक थांबलेले असताना गेला, हे गणितच सांगते.

त्या सहांपैकी उरलेल्या तिघांची कथा मला तितकीच महत्त्वाची वाटते. नरिमन कापडिया तेहरानहून परतले. गुस्ताद हाथीराम अमेरिकेतच राहिले. त्यानंतर केकी पोचखानवाला यांनीही घरची वाट धरली. सहाजणांनी मिळून एक चाल ठरवावी आणि ती साडेचार वर्षे सहाही जणांना मानवावी, हे होत नाही. सुदैवाने बाकीच्यांनी त्यांना ओढत नेले नाही आणि त्यांच्यापायी स्वतःचा प्रवासही मोडला नाही. लांबच्या प्रवासात कोणाला मधूनच परत यावेसे वाटले तर ते विनासायास येता यावे, अशी वाट आखणीतच असायला हवी. परतीचे तिकीट बदलता येते की नाही, हे पाहणे म्हणजे याच शहाणपणाचे आजचे रूप.

पंडिता रमाबाईंचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. कारण मराठीतले देशोदेशींच्या प्रवासाचे इतके डोळस लेखन त्यांच्याआधी फारसे नाही. १८८३ साली लहानग्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने अमेरिकेस गेल्या. समारंभ एका दिवसाचा. रमाबाई मात्र तेथे अडीच वर्षांहून अधिक राहिल्या, शाळा पाहिल्या, व्याख्याने दिली, आणि १८८९ च्या आरंभी जपान व हाँगकाँगच्या मार्गाने परत आल्या. अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. शाळा कशा चालतात, बायका सभा कशा भरवतात, हे त्यात जे आले आहे ते समारंभ आटोपून पुढच्या बोटीने निघणाऱ्याला कळणे शक्य नव्हते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. पंधरा दिवसांत दहा देश, अशा सहली आपल्याकडे लोकप्रिय आहेत. त्यांची थट्टा करणे सोपे आहे, आणि मला ती रुचत नाही. आम्ही पतिपत्नी नऊ वर्षांपूर्वी अशाच एका सहलीने गेलो होतो. जेवणात वरणभात मिळाला, सामान दुसऱ्याने उचलले, भाषेची चिंता नव्हती; विमानतळाची भीती कायमची गेली. ज्याला पुन्हा जाण्याचा योग येईल असे वाटत नाही, ज्याला एकट्याने जायची धास्ती आहे, त्याने अवश्य जावे. केवळ हिशेब उघड्या डोळ्यांनी करावा. मुक्काम बदलणे म्हणजे दोन तासांचा रेल्वेप्रवास नव्हे. सकाळी सामान भरणे, अकराच्या आत खोली सोडणे, स्टेशन गाठणे, नव्या गावी दुपारी तीनपर्यंत खोलीची वाट पाहणे, हे सारे धरता प्रत्येक बदलाला किमान अर्धा दिवस द्यावा लागतो. दहा देश म्हणजे नऊ बदल, साडेचार दिवस. जाण्यायेण्याचे आणि झोपेची घडी बसण्याचे तीन दिवस. उरले साडेसात. देशाला पाऊण दिवस. हा व्यवहार कोणाला पटत असेल तर हरकत नाही. पण जाहिरातीत दहा हा आकडा असतो, पाऊण नसतो.

ज्यांना दोनतीन महिने काढता येतात, त्यांची अडचण निराळी. युरोपातल्या शेंगेन गटात आज २९ देश आहेत आणि अल्पकाळाच्या व्हिसावर त्या सर्वांत मिळून, कोणत्याही १८० दिवसांत, ९० दिवसच राहता येते. व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिलेले असले तर तेवढेच. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. त्यामुळे नव्वदावा दिवस विमानासाठी ठेवू नये, अलीकडे दोनचार दिवस मोकळे सोडावेत. इंग्लंड या गटात नाही. तेथे काढलेले दिवस या नव्वदांत धरले जात नाहीत, तेथला व्हिसा मात्र वेगळा काढावा लागतो. ज्यांचे कोणी लंडनला आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. प्रवासाच्या मध्यावर तेथे तीन आठवडे विसावता आले तर तो एक लहानसा चातुर्मासच. औषधे संपूर्ण मुदतीची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. विम्याच्या कागदात जुन्या आजारांविषयी काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे. मुलांनी वाचले असेल असे समजू नये.

मुलांचा विषय निघाला आहे, तर जे बोलण्यासाठी मी मुख्यतः येथे उभा आहे ते बोलतो. समोर बसलेल्या तरुण माजी विद्यार्थ्यांनी ते रागावून न जाता ऐकावे.

कुटुंबाच्या प्रवासाची चाल कोण ठरवतो? ज्याची रजा सर्वांत कमी, तो. मुलाला बारा दिवसांची रजा मिळते. आईवडील आयुष्यात प्रथमच आलेले असतात. सारे काही दाखवावे, ही त्याची तळमळ खरी असते आणि तीत मला कृतज्ञताच दिसते. म्हणून तो बारा दिवसांत सहा देश बसवतो. आईचे गुडघे त्या कोष्टकात कोठेच नसतात. ती बोलत नाही, कारण खर्च मुलाचा आहे आणि उत्साहही त्याचाच. रोमच्या फरसबंदीवर ती सर्वांच्या मागे चालते आणि छायाचित्र काढायच्या वेळी हसते. घरी आल्यावर शेजारी विचारतात, तेव्हा ती बर्फाविषयी सांगते. तिला मुलाच्या गावातली भाजीची दुकाने पाहायची होती, नातवंडाच्या शाळेच्या फाटकाशी चार दिवस उभे राहायचे होते, सून कामावरून कोणत्या गाडीने येते ते समजून घ्यायचे होते. ते राहून गेले, हे ती कोणाला सांगत नाही.

ही एका घराची कथा नव्हे. गेल्या दहा वर्षांत या वस्तीतल्या किती घरांत मी ती थोड्याफार फरकाने ऐकली आहे. उपाय अवघड नाही. मुलाची रजा बारा दिवसांची असली तरी आईवडिलांचा प्रवास बारा दिवसांचा नसतो. त्या बारा दिवसांत फार तर दोन ठिकाणे करावीत. बाकीचे दिवस त्यांचे त्यांना वापरू द्यावेत: बाजारात, बागेत, बसमध्ये, एखाद्या रविवारी नुसते खिडकीशी. स्वयंपाकघर असलेले घर आठवड्यासाठी घेतले तर कुकर लावता येतो. आणि ज्या परक्या गावी आपण कुकर लावला ते गाव पुढे परके राहत नाही. पंढरीची पालखीही लहानमोठ्या सर्वांना घेऊन, त्यांना झेपेल अशाच टप्प्यांनी चालते. आपल्या घरच्या वारीला तेवढा नियम पुरे.

आणि पालकांनी, विशेषतः आयांनी, आपल्याला काय पाहायचे नाही हे स्पष्ट सांगायला शिकावे. 'तुम्ही ठरवाल ते' हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण त्याने ठरवणाऱ्याला काहीच कळत नाही. वेळापत्रक बसवणाऱ्याला आधी थांबे सांगावे लागतात, तेव्हा तो वेग सांगू शकतो.

आम्ही दोघे येत्या मे महिन्यात पुन्हा निघणार आहोत. मुलगी जर्मनीत आहे, भाचा लंडनला. माझ्या पत्नीचे दोन्ही गुडघे दोन वर्षांपूर्वी बदलले. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, धावायला नाही. मुलीने मोठ्या मायेने एक कोष्टक पाठवले: चाळीस दिवस, अकरा देश. माझ्या पत्नीने पेन्सिल घेऊन त्यावर काम केले. ती गणिताची शिक्षिका होती. तिच्या पेन्सिलीपुढे आमच्या विभागातला कोणताही अधिकारी टिकला नसता. आता दिवस चौऱ्याऐंशी आहेत आणि देश चार. लांबच्या प्रत्येक टप्प्यापुढे दोन रिकामे दिवस आहेत. पॅरिस आहे, कारण ते मला हवे होते. व्हेनिस नाही, कारण तेथे पुलांच्या पायऱ्या फार.

आठव्या आठवड्याच्या रकान्यात तिने काहीच लिहिलेले नाही. मुलगी दर रविवारी फोनवर विचारते, "आई, त्या आठवड्याचे काय ठरले?" आई सांगते, अजून काही नाही. परवा मुलीने विचारले, "म्हणजे तेव्हा तुम्ही कोठे असाल?" आई म्हणाली, "तुझ्या घरी. तू कामावर जाशील, मी सातच्या ट्रामपर्यंत तुला सोडायला येईन."